ग्रीसच्या खानावळीतील दोन रात्री

परदेशी जाऊन आलेल्या माणसाला गावात पहिला प्रश्न विचारतात तो हा, की "तिकडं खायला काय मिळालं?" देवळे, डोंगर आणि समुद्र यांची चौकशी मागाहून होते. मध्यंतरी आम्ही बेळगाव-खानापूरकडील चौदा जण संत पौलाच्या प्रवासातील गावे पाहण्यासाठी ग्रीस देशात जाऊन आलो. परतल्यावर आम्हांलाही हाच प्रश्न जागोजागी विचारण्यात आला. तेव्हा एकदाच सविस्तर उत्तर द्यावे म्हणून हा लेख. शेती व आरोग्याच्या पानावर तो अस्थानी ठरणार नाही असे आम्हांस वाटते. ताटात जे पडते ते शेवटी कोणा शेतकऱ्याच्या रानातूनच आलेले असते.

आम्ही मोठ्या हॉटेलांत जेवलो नाही. तशी ऐपतही नव्हती. प्रत्येकाने सारखी वर्गणी काढून ती आमच्यातील एका निवृत्त गुरुजींच्या हवाली केली होती, आणि जेवणाचा सारा खर्च त्या एका पिशवीतून होत असे. त्यामुळे आम्ही साध्या खानावळीच धुंडाळल्या. अशा खानावळीला ग्रीक लोक 'तावेर्ना' म्हणतात. रस्त्याच्या कडेला, झाडाखाली किंवा द्राक्षवेलीच्या मांडवाखाली टेबले मांडलेली असतात. टेबलावर कागद अंथरलेला असतो आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून कडांना चिमटे लावलेले असतात. पुष्कळ ठिकाणी नवराबायको, मुले आणि म्हातारी आई मिळून हा धंदा चालवतात. केवळ निखाऱ्यावर मांस भाजून देणारी ती 'प्सिस्तारिया' आणि मासळीची ती 'प्सारोतावेर्ना'. घाईत असणाऱ्यांसाठी सळईवर भाजलेले मांसाचे तुकडे मऊ रोटीत गुंडाळून देणारी 'सुवलाकी'ची दुकाने निराळी.

आठ दिवसांत आम्ही अनेक ठिकाणी बसलो. त्यांतल्या दोन रात्री सांगण्याजोग्या आहेत.

बंदरावरची रात्र

पहिली रात्र अथेन्सजवळच्या एका बंदरावरची. आम्ही सायंकाळी सात वाजताच जाऊन बसलो. खानावळ ओस होती. येथील जेवण बरे नसावे, असा तर्क आमच्यातील काहींनी काढला. खरी गोष्ट अशी, की ग्रीक माणूस रात्री नऊच्या आत क्वचितच जेवायला बसतो. सातला बसणारा तो परदेशीच, हे वाढप्याने दुरूनच ओळखले असणार.

बसल्याबरोबर, न मागता, पावाच्या टोपल्या आल्या. पाव चांगला होता आणि आम्हांला भूक होती. ही पाहुणचाराची रीत असावी असे समजून आम्ही टोपल्या रिकाम्या केल्या. त्या देशात पावासाठी माणशी ठराविक आकार लावण्याची चाल आहे. तिला 'कुवेर' म्हणतात. रक्कम लहान असते, पण चौदा माणसांनी गुणली की दिसू लागते.

मग वाढप्याने बर्फावर मांडलेली ताजी मासळी दाखवली. डोळे स्वच्छ, कल्ले लाल. खोट काढायला जागा नव्हती. आम्ही तीन मोठे मासे बोटाने दाखवले. यादीत त्यांच्यापुढे ६५ हा आकडा होता. गुरुजींनी मनाशी हिशेब केला, की तिन्ही मासे मिळून ६५ युरो, म्हणजे परवडण्याजोगे. मासे आले ते खरोखर उत्तम होते. नुसते मीठ लावून निखाऱ्यावर भाजलेले आणि वरून जैतुनाचे तेल व लिंबाचा रस. मसाल्याशिवाय मासा इतका चवदार लागू शकतो हे आमच्या बायकांनीही कबूल केले.

पण बिल आले तेव्हा गुरुजींचा चेहरा उतरला. ६५ हा भाव किलोचा होता. मासे न साफ करता तोलले गेले होते. वजन भरले २ किलो ४०० ग्रॅम आणि केवळ मासळीचे झाले १५६ युरो. ९१ युरो हिशेबाबाहेरचे गेले. त्या रात्री गुरुजी धड झोपले नाहीत. सकाळी त्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे भरण्याची गोष्ट काढली. ती आम्ही चालू दिली नाही, कारण बोट दाखवणारे आम्ही सर्वच होतो.

येथे आम्हांला न्यायाने बोलले पाहिजे. खानावळवाल्याने खोटे काही केले नव्हते. यादीत बारीक अक्षरांत किलो असे छापलेले होते. मासळी व भाजलेले मांस किलोच्या भावाने देणे ही त्या देशाची जुनी रीत आहे. साधी घरची दारूसुद्धा तेथे लोक 'अर्धा किलो' अशी वजनाने मागतात. पण समोरचा माणूस परका आहे, त्याला रीत ठाऊक नाही, हे वाढप्याला दिसत होते. एक शब्द बोलला असता तर पुरे होते. तो बोलला नाही आणि आम्ही विचारले नाही. आपल्याकडील लोक गोव्यात जेवायला जातात तेव्हा पापलेट किंवा इसवणापुढे आकड्याऐवजी 'आकाराप्रमाणे' असे लिहिलेले पुष्कळदा आढळते. तेथेही हीच गत होते, हे वाचकांपैकी काहींनी अनुभवले असेल.

करिंथच्या गावातली रात्र

दोन दिवसांनी आम्ही जुन्या करिंथच्या अवशेषांजवळच्या गावात उतरलो. या वेळी गुरुजींनी पुढाकार सोडून दिला होता. आमच्यात एक मावशी होत्या, ज्यांची गोव्याच्या वाटेवर छोटी खानावळ आहे. त्यांनी सांगितले, "आधी चूल बघायची, मग बसायचं."

आम्हांला संकोच वाटला. परक्या देशात कोणाच्या स्वयंपाकघरात कसे शिरावे? पण गाडीच्या चालकाने विचारताच मालकीणबाईंनी हसून पडदा बाजूला केला. गिऱ्हाइकाने आत येऊन भांडी पाहावीत व बोटाने दाखवून मागावे, ही तर तावेर्नाची जुनीच पद्धत आहे, असे त्याने सांगितले. आत परातींत दुपारी करून ठेवलेले पदार्थ होते. टोमॅटोत शिजवलेली भेंडी, बटाटा घालून केलेल्या शेंगा, मोठ्या पांढऱ्या घेवड्याचे कालवण, भात भरून भाजलेले टोमॅटो, शिजवलेले हरभरे. एका पातेल्यात उकडलेली पालेभाजी होती. मावशींनी तिचे एक देठ उचलून पाहिले आणि ओरडल्या, "अगं, हा तर तांदुळजा!"

त्यांचा अंदाज बरोबर होता. त्या भाजीला ग्रीक लोक 'व्लिता' म्हणतात आणि ती आपल्या माठ-तांदुळजाच्याच कुळातली. उकडायची, निथळायची, वर तेल आणि लिंबू, झाली भाजी. काकडी-टोमॅटोच्या कोशिंबिरीत आणखी एक ओळखीची पाने निघाली. ती घोळ होती! आपण जिला बांधावरची म्हणून उपटून टाकतो, ती तेथे पैसे देऊन खातात.

मग मालकीणबाईंनी मेंढीच्या बरगड्यांचे तुकडे काढले. आम्ही चार किलो मागितले. बाईंनी आमच्याकडे पाहिले, डोकी मोजली आणि दोन बोटे वर केली. दोन किलो पुरे, कारण भाज्या भरपूर घेतल्या आहेत, असे त्यांनी चालकाकरवी कळवले. तराजू आमच्यासमोर ठेवला, तोलून दाखवले आणि कागदावर आकडा लिहून गुरुजींच्या हातात दिला. गिऱ्हाईक जास्त मागत असताना त्याला कमी घ्यायला सांगणारी खानावळ आम्ही प्रथमच पाहिली.

जेवण एकेक करून, जसे तयार होईल तसे आले. ताटे प्रत्येकाची निराळी नसून पदार्थ टेबलाच्या मध्ये ठेवायचे आणि सर्वांनी त्यातून घ्यायचे, अशी तेथील रीत. आपल्यापैकी काहींना ती प्रथम रुचली नाही. पण दहा मिनिटांत वाढणे, आग्रह करणे, शेजाऱ्याच्या बशीत भेंडी टाकणे सुरू झाले आणि घरच्यासारखे वाटू लागले.

जेवण संपल्यावर आम्ही बिलाची वाट पाहत बसलो. अर्धा तास गेला तरी बिल येईना. येथे काही जण चिडले, की सेवा फार संथ आहे. या तक्रारीचा उलगडा असा, की ग्रीक खानावळीत मागितल्याशिवाय बिल आणत नाहीत. आपण होऊन बिल पुढे ठेवणे म्हणजे पाहुण्याला ऊठ म्हणण्यासारखे. ज्याला घाई असेल त्याने हात वर करून मागावे. आम्ही मागितले, तेव्हा बिलाच्या आधी द्राक्षांची ताटली आणि एक गोड वडी आली. तिचे पैसे बिलात नव्हते. पूर्ण जेवण माणशी साडेतेरा युरोंत झाले. गुरुजींनी ते दोनदा मोजले आणि मग प्रथमच हसले.

दोन कृती

ती गोड वडी म्हणजे रव्याचा हलवा. मावशींनी चाखताच सांगितले, की हा आपला शिराच आहे, फक्त तुपाऐवजी तेलातला. याचे कारण असे, की तेथील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोक उपवासकाळात मांस, दूध, तूप, अंडी आणि मासे वर्ज्य करतात. कालवे, माखुल यांसारखे बिनरक्ताचे सागरी जीव मात्र चालतात. अशा उपवासाच्या पदार्थांना 'निस्तीसिमा' म्हणतात. मांस न खाणाऱ्या प्रवाशाने हा एक शब्द पाठ केला तर तेथे त्याची उपासमार होणार नाही. हलव्याचे प्रमाण एक, दोन, तीन, चार असे सोपे आहे: एक वाटी तेल, दोन वाट्या रवा, तीन वाट्या साखर, चार वाट्या पाणी. रवा तेलात खरपूस भाजावा, साखर-पाणी दालचिनी घालून निराळे उकळून जपून ओतावे, आणि घट्ट झाल्यावर साच्यात दाबून वड्या पाडाव्यात. आमच्या मते इतकी साखर फार झाली. घरी दोन वाट्या पुरतात.

भेंडीची कृतीही लिहून घेण्याजोगी आहे. देठाचा भाग शंकूसारखा तासावा, पण भेंडीला भोक पडू देऊ नये, म्हणजे आतला चिकटपणा बाहेर येत नाही. मग मीठ व शिरका चोळून अर्धा तास उन्हात ठेवावी. कांदा तेलात परतून, त्यावर भेंडी व टोमॅटोचा रस घालून मंद आचेवर शिजू द्यावी. मध्ये पळी फिरवू नये; भांडेच हलवावे. शिरक्याऐवजी आमसुलाचे पाणी आम्ही घरी वापरून पाहिले. छान होते.

मीठ, तेल आणि आरोग्य

ग्रीक जेवण हृदयाला हितकर, असे आपण ऐकतो. त्यामागचा इतिहास थोडक्यात असा. अमेरिकेतील शास्त्रज्ञ ॲन्सेल कीज यांनी १९५८ पासून सात देशांतील ४० ते ५९ वयाच्या पुरुषांची पाहणी केली. त्यांत ग्रीसच्या क्रीट बेटावरील शेतकरी हृदयविकाराने फार थोडे दगावत असल्याचे आढळले. त्यांचे जेवण म्हणजे भाकरवजा पाव, कडधान्ये, रानभाज्या, फळे आणि जैतुनाचे तेल. मांस सणावारी. आणि दिवसभर चढउताराच्या रानात पायपीट. २०१० साली युनेस्कोने भूमध्य सागराकाठच्या या आहारपद्धतीला मानवजातीच्या वारशात स्थान दिले.

परंतु तावेर्नात जे जे मिळते ते ते सारे औषध, असा समज करून घेऊ नये. तळलेले बटाटे, दुधाच्या दाट सारणाचा थर दिलेला मुसाका आणि मांसाने भरलेल्या रोट्या यांवर त्या शेतकऱ्यांचे पोषण झाले नव्हते. आज ग्रीसमधील मुलांत लठ्ठपणाचे प्रमाण युरोपातील वरच्या देशांत मोजले जाते. आजोबांचे ताट सोडले की आजोबांचे आरोग्यही राहत नाही.

आमच्यातील एक वृद्ध गृहस्थ रक्तदाबाची गोळी घेतात. कोशिंबिरीवर 'फेता' नावाच्या पांढऱ्या चीजची जाड वडी असते. ती त्यांना इतकी आवडली, की पहिले दोन दिवस त्यांनी मनसोक्त खाल्ली. तिसऱ्या दिवशी डोके जड वाटू लागले आणि दाब वाढलेला निघाला. फेता मेंढीच्या दुधाचे असते. त्यात फार तर ३० टक्के शेळीचे दूध चालते आणि ते निदान दोन महिने मिठाच्या पाण्यात मुरवलेले असते. १०० ग्रॅम फेतात दोन ते तीन ग्रॅमपर्यंत मीठ असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावे. म्हणजे एका वडीतच निम्मा वाटा संपतो. आपल्याकडे हेच काम लोणचे, पापड आणि खारवलेली मासळी करतात. त्या गृहस्थांनी पुढे फेता चवीपुरते घेतले, आणि गोळी चुकवली नाही.

तेलाविषयीही लोक विचारतात. जैतुनाचे तेल चांगले खरे, पण एक मोठा चमचा म्हणजे सुमारे १२० कॅलरी होतात, मग तेल कोणतेही असो. दिवसभर रानात राबणाऱ्याला ते पचते. बसून काम करणाऱ्याने मोजून घ्यावे. आणि महागडी बाटली विकत आणणे हे ग्रीक जेवणाचे सार नव्हे. आपले घाणीचे शेंगदाणा तेल माफक प्रमाणात वापरले तर पुरेसे आहे. सार आहे ते रोजच्या पालेभाजीत आणि कडधान्यात. घोळीत ओमेगा-३ नावाचा उपयुक्त स्निग्धांश असतो, हे १९८६ साली अमेरिकेतील संशोधकांनी दाखवून दिले. ती आपल्या बांधावर फुकट उगवते. मात्र फवारणी झालेल्या रानातली घेऊ नये आणि ज्यांना मूतखड्याचा त्रास आहे त्यांनी ती बेताने खावी.

दारापाशीची पेटी

सेवेविषयी ग्रीसची एक गोष्ट आम्हांला फार आवडली. तेथील यादीच्या तळाशी काही वाक्ये छापलेली असतात. कोशिंबिरीत कोणते तेल आणि तळणाला कोणते, हे सांगितलेले असते. गोठवलेल्या पदार्थावर खूण असते, म्हणजे ताज्याच्या नावाने बर्फातला मासा खपवता येत नाही. पावती मिळाली नाही तर पैसे देण्याचे बंधन गिऱ्हाइकावर नाही, असेही स्पष्ट लिहिलेले असते. आणि दाराजवळ एका पेटीत तक्रारीचे छापील कागद ठेवणे दुकानदाराला बंधनकारक आहे. बंदरावरच्या खानावळीतही ही पेटी होती. आमच्या ती नजरेस पडली ती निघताना, पैसे दिल्यावर.

आपल्याकडेही गिऱ्हाईक अगदी निराधार नाही. अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक बिलावर छापणे १ जानेवारी २०२२ पासून आवश्यक झाले आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने, उपाहारगृहांनी सेवाशुल्क आपोआप बिलात धरू नये, असे निर्देश दिले. तक्रार करावयाची असल्यास १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा क्रमांक आहे. तरीही उत्तम उपाय तोच, जो मावशींनी केला: आधी पाहावे, आधी विचारावे, आधी तोलावे.

घरी काय आणले

आता आपल्या भागातही पुष्कळ शेतकरी कुटुंबे वाटेवरच्या प्रवाशांना जेवण देऊ लागली आहेत. शेतमालाला भाव नसतो त्या दिवसांत हा आधार होतो. त्यांच्यासाठी आमचे सांगणे थोडके आहे. भाव ठळक अक्षरांत लिहावा, आणि तो नगाचा, ताटाचा की वजनाचा हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावे. न मागता जे वाढाल त्याचे पैसे लावायचे असतील तर वाढण्यापूर्वी सांगावे. रानातली भाजी कमीपणाची समजू नये. तांदुळजा आणि घोळ ताटात मानाने वाढावी. गिऱ्हाईक जास्त मागत असेल तर थोडे थांबवावे. अन्न वाया जात नाही आणि माणूस परत येतो. शेवटी काही गोड, केळ्याची फोड का असेना, आपल्याकडून द्यावे.

मावशींनी परत आल्यावर आपल्या खानावळीत दोन गोष्टी केल्या. दर्शनी भिंतीला काळा फळा लावला आणि मासळीचा तराजू आतून काढून बाहेर टेबलावर ठेवला. पहिल्याच रविवारी गुरुजी तेथे जेवायला गेले. बसण्यापूर्वी त्यांनी फळा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला आणि विचारले, "मावशी, हा इसवण किलोनं की तुकड्यानं?"

"तुकड्यानं, गुरुजी," मावशी म्हणाल्या. "आणि पावाचे पैसे नाहीत. बसा आता."